‘खांड’ खुला करताना

३ फेब्रुवारी २०२५, सोमवार

आज जाहीर करून टाकलं. ‘खांड’चा सगळा सोर्स कोड मी लोकांसाठी खुला करणार. ज्याला हवा त्याने घ्यावा, वाचावा, बदलावा, त्यातून स्वतःचा खेळ करावा. घोषणेत लिहिलं: ‘खाडीकाठच्या गावाचा बांध सांभाळण्याचा हा खेळ. उधाणात बांध फुटला की खांड पडते, माणसं जमवून ती बुजवावी लागते, नाहीतर भातशेतीत खारं पाणी. तीन लाख लोकांनी हा बांध सांभाळला. आता तो तुमच्या हवाली.’ दुपारपर्यंत दोनशेच्या वर प्रतिक्रिया. एकाने लिहिलं, ‘एवढ्या मोठ्या मनाचा माणूस आपल्या रायगडात आहे!’ बायकोला, कल्पिताला, वाचून दाखवलं. पेणच्या कारखान्यातून आणलेल्या गणपतीचे डोळे आखत होती. मान वर न करता ‘हं’ म्हणाली.

खरं कारण इथे लिहायला हरकत नाही. नव्या फोनवर भरती सुरू झाली की पडदा गोठतो. सात महिने झटतोय. भरतीचा भाग हर्षदने लिहिलेला. एका ठिकाणी हात घातला की पाणी भलतीकडेच चढतं. जूनअखेर दुरुस्त झाला नाही तर ॲपच्या दुकानातून खेळ निघणार. बंद पडला म्हणण्यापेक्षा खुला केला म्हणणं बरं. त्यात खोटं काही नाही.

९ फेब्रुवारी, रविवार

जेवताना कल्पिताने विचारलं, “हर्षदभावजींना विचारलंत का?”

“त्याला काय विचारायचं?”

“निम्मा खेळ त्यांचा आहे ना.”

निम्मा! हे एकदा लिहूनच ठेवतो. हर्षद लोणेऱ्याला माझ्या वर्गात होता, तळा गावाच्या पुढच्या एका वाडीतला. कॉलेजनंतर ऐरोलीला दोघांनी नोकरी केली, कंटाळलो, आणि आमच्या घरच्या माडीवर दोन टेबलं टाकून ‘खांड’ सुरू केला. कल्पना माझी. चित्रं कल्पिताची. कोड दोघांचा, भरती-ओहोटी, पाणी कुठून कसं शिरतं, तेवढं हर्षदचं. तो आमच्याकडेच राहायचा, शनिवारी गावी जायचा. पहिलं वर्ष छान गेलं.

मग तो बदलला. मंगळवारी आणि शुक्रवारी अलिबागला क्लास घेतो म्हणायचा. संध्याकाळी यायचा तो पिळून काढल्यासारखा, न बोलता झोपायचा. खाण्याचे नखरे सुरू झाले. सुकटीचं कालवण नको, बटाटा नको, बाबांनी माडावरून उतरवलेलं शहाळं नको. पाणीसुद्धा घोटघोट. मे महिन्यात पूर्ण बाह्यांचा शर्ट. मला वाटलं, याला आता आमचं घर नकोसं झालंय. एकदा त्या क्लासच्या पत्त्यावर गेलो, तर तिथे क्लासच नव्हता. म्हणजे दुसऱ्या कुणाचं तरी काम चोरून करत होता. आणखी काय असणार? रात्रीच्या जेवणानंतर तोंडावर विचारलं, तर खाली मान. “मला सांगता येत नाही रे.” एवढंच.

दुसऱ्या दिवशी तो बाहेर गेला असताना मी त्याचा कोडवरचा प्रवेश बंद केला आणि खेळाच्या श्रेयनामावलीतून नाव काढलं. संध्याकाळी आला, बॅग भरली, बाबांच्या पाया पडला आणि शेवटच्या एसटीने गेला. ऑक्टोबर २०२३. त्यानंतर बोलणं नाही.

कल्पिता म्हणाली, “त्यांनी भांडण तरी केलं का?”

“नाही.”

“तेच म्हणते मी.”

काय म्हणते ते मला कळलं नाही. भांडला नाही, कारण बोलायला तोंड नव्हतं.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

दिवसभर कोड साफ केला. हर्षदला कोडच्या मध्येमध्ये मराठीत टिपा लिहायची खोड. ‘हिरामणकाका म्हणतात, बांध वरून फुटत नाही. आधी खेकड्याच्या बिळातून पाणी येतं, माती भिजते, मग बसते. म्हणून इथे पाणी आतून धरलं आहे.’ हिरामणकाका म्हणजे आमचे बाबा. तो त्यांच्याशी तासन्‌तास बोलत बसायचा. माझ्याशी बाबा बांधाविषयी कधी इतकं बोलले नाहीत. टीप काढून टाकली. बाहेरच्या माणसाला हिरामणकाका कोण हे काय माहीत. आणखी एक: ‘प्र. ला हे किचकट वाटेल. पण पाणी असंच वागतं.’ प्र. म्हणजे मी, प्रज्योत. तीही काढली. सहाशेहून जास्त टिपा होत्या. आता कोड कसा चकचकीत दिसतो.

आणि इतिहास. कोडमधल्या प्रत्येक बदलाची नोंद आपोआप राहते: कुणी केला, कधी केला, का केला. पाच वर्षांच्या नोंदी आहेत. त्या लोकांपुढे कशाला? तयार कोड एकाच नव्या नोंदीत टाकायचा, माझ्या नावाने. पुष्कळ जण तसंच करतात. घरातल्या कटकटी कुणी चव्हाट्यावर मांडत नाही.

१७ फेब्रुवारी, सोमवार

पुण्याहून फोन. पुराचा अंदाज देणारी यंत्रणा बनवणारी कंपनी आहे. तिथल्या प्रमुख बाईंनी माझी घोषणा वाचून खेळ डाउनलोड केला. म्हणाल्या, “पाणी फार खरं वाटतं हो. ते तुम्हीच लिहिलंत?”

मी हो म्हणालो. प्रश्नच इतका सरळ होता.

५ मार्चला बोलावलंय. खेळ नव्या फोनवर चालताना दाखवा म्हणाल्या. किती वर्षं रिसॉर्टवाल्यांच्या वेबसाइट करतोय! स्विमिंग पूलचे फोटो डावीकडे घ्या, उजवीकडे घ्या. हे काम मिळालं तर सुटलो.

तिकडे वकील मित्राने दुसरंच काढलं. म्हणाला, ज्यांनी ज्यांनी कोड लिहिला त्या सगळ्यांची लेखी संमती घे, नाहीतर उद्या कुणी उभं राहिलं तर खुला केलेला कोड परत मागे घ्यावा लागेल. हर्षदला फोन लावला. नंबर बंद. आता तळ्याला जाणं आलं. एका परीने बरंच आहे, भरती कुठे अडते तेही विचारता येईल. रागावला असेलच. पण कोडचं काही विचारलं की तो राग विसरतो. तेवढं मी त्याला ओळखतो.

२२ फेब्रुवारी, शनिवार

जसं झालं तसं लिहितो.

वडखळ, कोलाड, इंदापूर, मग तळ्याचा फाटा. वाडीत पोचायला अकरा वाजले. अंगणात वालाच्या शेंगा वाळत होत्या आणि हर्षदची आई, मनुबाई, त्या उलट्यापालट्या करत होती. कॉलेजात असताना दोनदा आलो होतो, तरी तिने ओळखलं.

“परज्योत न्हवं तू? लई उशीर केलास रं.”

मी म्हणालो, हायवेचं काम चालू आहे, कोलाडला अर्धा तास अडकलो.

तिने हातातल्या शेंगा खाली ठेवल्या. आतून हर्षदची बहीण सोनल आली, तळ्याला झेरॉक्सच्या दुकानात काम करते ती. मी विचारलं, “हर्षद कुठाय? बाहेर गेलाय?”

सोनल आईला म्हणाली, “आई, यांना माहीत नाहीये.”

गेल्या श्रावणात गेला. दोन्ही किडन्या. साडेतीन वर्षं डायलिसिसवर होता. मंगळवार आणि शुक्रवार. अलिबागला.

ओट्यावर बसलो. कुणीतरी हातात चहा दिला. मी विचारलं, मला का नाही सांगितलं? सोनल म्हणाली, “आम्ही खूप सांगितलं, तुमच्या कानावर घाल म्हणून. तो म्हणायचा, प्रज्योतला कळलं तर तो खेळ बाजूला ठेवेल आणि माझ्या दवाखान्यामागे लागेल. खेळ पुरा होऊ दे, मग सांगतो.”

मनुबाई म्हणाली, “तुज्याकडं व्हता तवर मला घोर न्हवता. मंग घरी आला, म्हनला, आई, सुट्टी हाय. मी म्हनलं, बरं झालं, इसावा घे.”

त्यांना माहीतच नाही. तो घरी का आला ते त्याने कुणालाच सांगितलेलं नाही. मीही सांगितलं नाही. ती वेळ नव्हती.

खिशातला संमतीचा कागद काढायची लाज वाटत होती, पण इतक्या लांब आलो होतो. सोनलने तो सगळा वाचला. “म्हणजे जगात कुणीही घेऊ शकेल?”

“हो.”

“आणि हर्षदने केलं ते दिसेल?”

“हो,” मी म्हणालो.

तिने सही केली. मनुबाईने अंगठा दिला. निघताना सोनलने खुंटीवरची काळी बॅग काढून दिली. हर्षदचा लॅपटॉप. पासवर्ड त्याच्याच अक्षरात, आतल्या कप्प्यातल्या चिठ्ठीवर. “शेवटपर्यंत यावर काहीतरी करायचा. आम्हाला उघडून काही उमगत नाही. तुम्ही बघा, दादा. त्याचं काही निघालं तर सांगा.”

२३ फेब्रुवारी, रविवार

बाबांना सांगितलं. गवत काढत होते. विळा खाली ठेवला.

“मशीनवरचा मानूस. किती दिवस काढनार?”

मी विचारलं, “तुम्हाला माहीत होतं?”

“त्याचे हाताला ती फुगलेली शीर व्हती ना? मिठागरावर आमचे शिवदासला पन तशीच व्हती. मी इचारलं. बोलला, काका, आठवड्यान दोन येला रगत साफ करतान.”

“मला का नाही बोललात?”

“मना वाटलं तुला सांगला असंल. तुजे घरान राहत व्हता, तुजे बाजूला बसत व्हता.” मग विळा उचलत म्हणाले, “म्हनून तर मी त्याला शहाळं परत कवा दिला नाय.”

कल्पिता दारात उभी होती. तिने सगळं ऐकलं. तशीच आत वळली.

२६ फेब्रुवारी, बुधवार

लॅपटॉप उघडला. मला वाटलं होतं, रिपोर्ट असतील, फोटो असतील. ‘खांड’ होता. नुसता ‘खांड’.

प्रवेश बंद झाल्यावरही त्याने काम थांबवलं नव्हतं. त्याच्याकडच्या प्रतीत एकेचाळीस नव्या नोंदी आहेत, कुठेही न पाठवलेल्या. पाठवणार कशा, दार मीच लावलेलं. शेवटची गेल्या जुलैमधली.

ती प्रत नव्या फोनवर चढवली. अमावास्येचं उधाण लावलं. पाणी आलं, बांधाला लागलं, चढलं, ओसरलं. कुठे अडलं नाही. मी सात महिन्यांत जे करू शकलो नाही ते तो करून गेला होता.

मला आनंद झाला. इथे खोटं कशाला लिहू? आधी आनंद झाला.

१ मार्च, शनिवार

आज त्याने बदललेल्या सगळ्या ओळी माझ्या प्रतीत उतरवून घेतल्या. एका नोंदीत, माझ्या नावाने: ‘भरतीतील दोष दूर केला.’ ही तात्पुरती सोय आहे. बुधवारी पुण्यात चालता खेळ दाखवायचाय. नंतर कोड वापरण्याच्या परवान्याच्या पानावर ‘हर्षदच्या स्मृतीस’ असं ठळक घालणार आहे. गेलेल्या माणसाला नोंदी मोजून काय मिळणार? मला मात्र यावर पुढची वर्षं काढायचीत.

कल्पिताने विचारलं, त्या लॅपटॉपमध्ये काय होतं. म्हटलं, जुनी प्रत.

५ मार्च, बुधवार

पुण्यातली मुलाखत उत्तम झाली. बाईंनी स्वतः पाऊण तास खेळ खेळला. एकच प्रश्न अडचणीचा होता. “बांधाच्या आतल्या बाजूने पाणी धरायचं हे तुम्हाला कसं सुचलं?” मी म्हणालो, वडील मिठागरात होते, बांध वरून फुटत नाही, आधी खेकड्याच्या बिळातून पाणी येतं. त्या खूश झाल्या. आठवड्याभरात कळवतो म्हणाल्या.

परत येताना खोपोलीला चहाला थांबलो तेव्हा सोनलचा फोन आला.

“दादा, बघितलात का? त्याचं काही निघालं?”

मी म्हणालो, “नाही गं. विशेष काही नाही. जुनं काम आहे.”

“बरं,” ती म्हणाली. मग म्हणाली, “आई रोज विचारते, म्हणून केला.”

चहा तसाच टाकून निघालो.

१२ मार्च, बुधवार

पुण्याहून होकार. एक जूनपासून. बाबांना सांगितलं, त्यांनी मान हलवली. कल्पिता म्हणाली, “चांगलं झालं.” बाहेर पोरं होळीसाठी लाकडं ओढत नेत होती. माझ्या तोंडाला चव नाही. पित्त असेल.

१६ मार्च, रविवार

कोड खुला करण्याआधी शेवटची पाहणी करायची म्हणून हर्षदच्या त्या एकेचाळीस नोंदी समोर लावल्या. ओळी उतरवताना मी फक्त कोड बघितला होता. प्रत्येक नोंदीला त्याने लिहिलेलं वाचलं नव्हतं. आज वाचलं.

‘१४ नोव्हेंबर २०२३. नव्या फोनचा पडदा वेगळ्या गतीने चालणार आहे. भरती अडेल. प्र. च्या लक्षात आलं नसेल. सुरुवात केली.’

‘१९ जानेवारी २०२४. डाव्या हातात सुया, उजव्याने टाईप करतोय. चुका फार. घरी गेल्यावर तपासणे.’

‘३ मे २०२४. प्रवेश बंद आहे, पाठवता येत नाही. तयार ठेवतो. प्र. विचारेल तेव्हा देऊ.’

‘३० जुलै २०२४. चालतंय. अमावास्या आणि पौर्णिमा, दोन्ही उधाणं तपासली.’

कॅलेंडर काढून बघितलं. एकेचाळीसपैकी छत्तीस नोंदी मंगळवारच्या नाहीतर शुक्रवारच्या आहेत. मशीनवर पडल्या पडल्या केलेल्या. मग आमच्या घरी होता त्या वर्षांच्या नोंदी लावल्या. तिथे मंगळवार-शुक्रवार कोरे. आठवड्यामागून आठवडा, दोन दोन भोकं. इतकी वर्षं हे माझ्या डोळ्यांसमोर होतं.

आणि माझी नोंद: ‘१७ ऑक्टोबर २०२३. श्रेयनामावली दुरुस्त.’ वेळ दुपारी तीन. वार मंगळवार. म्हणजे मी नाव काढत होतो तेव्हा तो सुया टोचून घेऊन पडला होता.

विचारेल तेव्हा देऊ. दहा महिने होते माझ्याकडे. एक फोन.

१७ मार्च, सोमवार

कल्पिताला सगळं सांगितलं. लॅपटॉपचं, १ मार्चचं, सोनलला फोनवर काय बोललो ते. ती रागावेल असं वाटलं होतं. तिने हातातला ब्रश पाण्यात घातला, धुतला, पुसला.

“माझं नाव तेवढं तुम्ही राहू दिलंत,” ती म्हणाली. “दीड वर्षं त्या पानावर माझ्या नावाखाली रिकामी जागा दिसते मला. मी बोलायला हवं होतं. मीही नाही बोलले.”

“आता काय करू?”

“मला विचारू नका. मी हो म्हटलं तर म्हणाल, कल्पिताने करायला लावलं.”

१९ मार्च, बुधवार

पुण्याच्या बाईंना मेल लिहिला. चार वेळा खोडला. शेवटी एवढंच राहिलं: भरतीचा भाग माझा नाही. तो हर्षद नावाच्या माझ्या सहकाऱ्याने लिहिला. तुम्हाला दाखवलेली दुरुस्तीही त्याचीच आहे. तो आता नाही. मी आपल्याशी खोटं बोललो.

पाठवल्यावर हलकं वाटेल असं ऐकून होतो. मी तर ते परत तीनदा वाचलं.

२१ मार्च, शुक्रवार

उत्तर आलं. ‘कळवल्याबद्दल आभार. या परिस्थितीत पुढे जाता येणार नाही.’

आवास गावच्या एका रिसॉर्टवाल्याचा फोन होता, पूलचे फोटो बदलायचेत.

३० मार्च, रविवार. पाडवा.

सकाळी गुढी उभारून वर गेलो आणि ‘खांड’ खुला केला. सगळ्या इतिहासासकट. हर्षदच्या १,१४६ नोंदी, माझ्या ७०२, कल्पिताच्या चित्रांच्या नव्वद. काढून टाकलेल्या टिपा परत जागेवर आहेत, हिरामणकाकांसकट. न पाठवलेल्या एकेचाळीस त्याच्या नावाने, त्याच्या तारखांनी. श्रेयनामावलीत पहिलं नाव त्याचं. ‘श्रेयनामावली दुरुस्त’ ही माझी नोंदही तशीच ठेवली, ज्याला वार आणि वेळ बघायची त्याने बघावी.

एक सोडून. १ मार्चची, त्याचं काम माझ्या नावावर उतरवल्याची. ती फक्त माझ्या संगणकावर होती. ठेवली असती तर जगाला दिसली असती. मी ती पुसली. एवढं धैर्य झालं नाही. कल्पिता आणि पुण्याच्या बाई सोडल्या तर कुणाला कळणार नाही. म्हणून इथे लिहितो.

प्रतिक्रिया फारशा नाहीत. ‘अभिनंदन’, ‘छान उपक्रम’. मोठ्या मनाचा माणूस म्हणणारा पुन्हा दिसला नाही. एकाने मात्र विचारलं, “हे हर्षद कोण? यांच्याबद्दल तुम्ही कधी बोलला नाहीत.”

६ एप्रिल, रविवार

तळ्याला जाऊन आलो. लॅपटॉप परत द्यायचा होता, आणि दाखवायचं होतं.

ओट्यावर बसून पडद्यावर यादी उघडली. हर्षदचं नाव, तारीख, खाली त्याचे शब्द. पुन्हा नाव, पुन्हा तारीख. सोनल बोटाने वर सरकवत राहिली. शेवटच्या एकेचाळीसपाशी थांबली.

“हे याच लॅपटॉपमधलं?”

“हो.”

“तुम्ही तर म्हणाला होतात, विशेष काही नाही.”

“खोटं बोललो. आणि तो सुट्टीवर नव्हता आला. मी काढला होता त्याला. तो चोरून दुसरीकडे काम करतो असं मला वाटलं.”

सोनलने बोट पडद्यावरून काढलं. उठून आत गेली. आत भांडी एकावर एक ठेवल्याचा आवाज येत राहिला. गेल्या वेळी न मागता चहा आला होता. या वेळी आला नाही, आणि ते बरोबर होतं.

मनुबाई तिथेच होती. तिला किती कळलं, माहीत नाही. म्हणाली, “तारीक वाच रं.”

मी वाचत गेलो. ती प्रत्येक तारखेला दिवस जोडत गेली. “ती चौदा नव्हेंबर म्हंजी दिवाळी. अलिबागवरनं आला नि चकली मागितली. दिली न्हाय मी, मीठ असतंय त्यात.” “मे म्हंजी शेतात राब भाजून झालं व्हतं. त्या दिशी लय दमून आला, गाडीवाल्यानं धरून उतरवला.” “जुलैत भाताची आवणी चालली व्हती. वाफ्याच्या कडंला बसून बगत व्हता. म्हनला, आई, माजं काम झालं.”

मग तिने विचारलं, “आता ह्ये कुनाचं?”

“सगळ्यांचं. कुणीही घेऊ शकतं. त्याचं नाव मात्र राहणार.”

तिने लॅपटॉपच्या पडद्यावर तळहात ठेवला, कपाळावर ठेवावा तसा. “आवाज न्हाय काय ह्यात त्याचा?”

“नाही. नुसती अक्षरं आहेत.”

“मला वाटलं, आवाज असंल,” ती म्हणाली. “म्हनून अंगठा दिला.”

इंदापूरपर्यंत गाडी कशी चालवली, आठवत नाही.

२४ एप्रिल, गुरुवार

पंधरा-वीस दिवस काही लिहिलं नाही. लिहिण्यासारखं नव्हतं. रिसॉर्टचे फोटो लावले. सोनलला दोन मेसेज केले. वाचते, उत्तर देत नाही.

‘खांड’च्या पानावर मात्र अधूनमधून कुणी येतं. केरळात, समुद्रापेक्षा खाली भातशेती असलेल्या भागातला एक जण आहे, बांधाच्या देखभालीचं काम करतो. आठवडाभर तो भरतीचा कोड वाचतोय. आज त्याने लांबलचक प्रश्न लिहिला. सुरुवात अशी: ‘प्रिय हर्षद, तुमचं काम पाहून थक्क झालो.’ त्याला जाणून घ्यायचंय की ओहोटी सुरू होताना पाण्याचा वेग ०.६२ ने का गुणलाय. पुस्तकात असं कुठे नाही. पण तसं केल्यावर त्याच्या गावच्या खाडीशी हिशेब तंतोतंत जुळतो. हे तुम्हाला कसं कळलं?

हर्षदच्या नावाने आलेला हा तिसरा प्रश्न. पहिल्या दोघांना मी ‘ते हयात नाहीत’ एवढंच कळवून गप्प बसलो होतो.

त्या ओळीपाशी गेलो. इतक्या टिपा लिहिणाऱ्या माणसाने नेमकी इथे टीप लिहिलेली नाही. बाबांना विचारलं. ते म्हणाले, वहाळाच्या तोंडाशी चिखल धरून ठेवतो पाण्याला, हे त्याला सांगितलं होतं. आकडा काही सांगितला नव्हता. मग लॅपटॉप आठवला, तो तळ्याला परत गेलाय. सोनलला विचारता येणार नाही. दुपारभर मी स्वतः गणित मांडून बघितलं. निघत नाही.

बांधाच्या त्या माणसाला उत्तर लिहिलं:

‘हर्षद गेल्या ऑगस्टमध्ये वारले. हा आकडा त्यांनी कसा काढला, मला माहीत नाही. मी त्यांच्या शेजारी जवळजवळ चार वर्षं बसत होतो. मी विचारलं नाही.’